कळ काढा

खानापूर स्टँडमागं, पिठाच्या गिरणीला लागून
माझं दुकान. एक लॅपटॉप, एक प्रिंटर,
आणि पांढरा धुरळा, जो रोज संध्याकाळी
फुंकर मारून मी कळफलकातून काढते.

सोमवारी बाळव्वा हत्तरकींचा चहा त्यावर सांडला.
पुसला, उलटा धरला, फॅनखाली ठेवला.
सगळ्या कळा शुद्धीवर आल्या,
एक एन तेवढी आली नाही.

एन म्हणजे माझ्याकडं ल.
शिफ्ट धरून एन म्हणजे ळ.
मराठीतही तीच, कन्नडमध्येही तीच.
ज्यानं कुणी हे बसवलं
त्यानं दोन्हींच्या एका आवाजाला एकच जागा दिली
आणि त्यावर अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

पडद्यावर लग्नपत्रिका उघडी होती, दोन्ही भाषांतली.
नवरी बैलहोंगलची, बाळव्वांची भाची.
नवरा नंदगडचा.
वर कुठली भाषा, खाली कुठली, यावर
तीन दिवस फोन झाले होते.
शेवटी एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी ठरली,
पुढची बाजू कुठली ते कुणी विचारलं नाही.
त्या पत्रिकेचं आता झालं
ग्नपत्रिका.
मंगवार. मुक्काम बेगाव.
पालटून बघितलं तर तिकडंही मंगवार, तिकडं बेगावि.
बाळव्वा नुसत्या बाव्वा उरल्या.

"आठ दिवस कळ काढा," टिळकवाडीचा पिराजी फोनवर म्हणाला,
"हुबळीहून मागवतो."
कळ काढूनच तर बसले होते मी,
एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, दुसऱ्यात ती.
आणि छपाई गुरुवारी.

रात्री भांडी घासून लिनक्सच्या पोटात शिरले.
तिथं एक प्रोग्रॅम बसवता येतो, भाषांच्याही खाली.
त्याला मराठी कळत नाही, कन्नड कळत नाही,
कुठली कळ दाबली तेवढं कळतं
आणि तिच्या नावानं वर काय सांगायचं.
साधी फाईल. तिच्यात एक ओळ घातली:
कॅप्सलॉक बरोबर एन.

कॅप्सलॉकच का, तर
आमच्या अक्षरांत थोरली-धाकटी नाहीत.
अकरा वर्षांत ती कळ मी चुकूनच दाबली
आणि दर वेळी तिच्यावर खेकसले.
बसून पगार खाणारी एवढी एकच होती.

पहिल्या खेपेला बोट घसरलं,
एंटरलाही भलत्याच कामाला लावलं,
सगळा कळफलक मुका.
त्यालाही उतारा आहे:
बॅकस्पेस, एस्केप, एंटर, तिन्ही एकदम दाबायचे,
होतं तसं होतं.
दाबले. झालं.
अशी तीन बोटांची सोय आणखी कुठं कुठं हवी होती
ते मोजत बसले नाही, अकरा वाजले होते.

मग डावी करंगळी कॅप्सवर, उजवी शिफ्टवर,
ळ.
ऑल्ट-शिफ्ट. पुन्हा त्याच दोन करंगळ्या,
ಳ.
मंगळवार इकडं आला, मंगळवार तिकडं आला.

"आतेन्री, अक्कोर?" सकाळी बाळव्वा दारातून.
"आतु," म्हटलं.
त्यांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवून बघितलं,
सावकाश, दोन्ही बाजूंनी.
चहा घेऊन आल्या होत्या.
तो मी उंबऱ्यावरच घेतला.

नवी कळ आली बाराव्या दिवशी, लग्नाचे लाडू संपल्यावर.
पिराजीनं बसवली, दोनशे घेतले.
ती ओळ मात्र मी पुसली नाही.
करंगळीला आता तिथलीच सवय.

काल भाचा आला, रणधीर, धारवाडला शिकणारा.
इंग्रजीत मोठ्या अक्षरांत नाव लिहितो म्हणाला,
कॅप्सलॉक दाबला. दिवा लागेना.
म्हणून दाबूनच धरला,
आणि कळफलक होता मराठीत.
पडद्यावर ओळभर
ललललललललललल